चार हात लांब, पाच मिनिटांत

१. दोन साधे प्रश्न

मे महिन्यात जळगावला लग्नाला निघालेल्या बाहेरगावच्या पाहुण्याला दोन प्रश्न हटकून पडतात. पत्रिकेत मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा छापलाय, तर मंडपात पोचायचं नक्की कधी? आणि धुळ्याहून पारोळ्याकडे जाणाऱ्या काळी-पिवळीत ड्रायव्हरशेजारी आधीच दोघं बसलेले असताना तिसऱ्याला "बसा ना भाऊ, मस्त जागा आहे" म्हणणाऱ्याला जागा दिसते तरी कुठे?

पहिल्या प्रश्नावर यजमान म्हणतात, "या हो निवांत, घरचंच लग्न आहे." दुसऱ्यावर कुणी काहीच म्हणत नाही. सगळे जरा जरा सरकतात, एवढंच. पण त्या "निवांत"मध्ये आणि त्या सरकण्यात बरंच काही सांगितलं गेलेलं असतं, आणि ते कळलं नाही तर पाहुणा एकतर रिकाम्या मंडपात खुर्च्या मोजत बसतो, नाहीतर पारोळ्यापर्यंत फुगून बसतो.

माणसं आपल्यामधल्या जागेतून काय बोलतात आणि वेळेतून काय बोलतात, हे या प्रकरणात पाहू. त्यासाठी खान्देश सोयीचा आहे. भुसावळसारखं रेल्वेचं मोठं जंक्शन, रावेर-यावलचे केळीचे मळे, सातपुड्यातले पाडे, जळगावचा सराफ बाजार, सगळं एका दिवसाच्या प्रवासात. जागा आणि वेळ वापरायच्या चार-पाच तऱ्हा इथे शेजारी शेजारी नांदतात.

२. हात हे माप

दोन माणसांमधली जागा नीट मोजायचं वेड एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने घेतलं. तरुणपणी तो ॲरिझोनात नावाहो आणि होपी लोकांमध्ये काम करत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तो परदेशी जाणाऱ्या अमेरिकन अधिकाऱ्यांना शिकवू लागला. हे अधिकारी तिथली भाषा शिकून जात, व्याकरण चोख असे, तरी कामं फिसकटत. बोलता बोलता समोरचा जवळ येई, अमेरिकन पाऊलभर मागे सरके, समोरचा पुन्हा पुढे येई. एकाला वाटे हा अंगावर येतोय, दुसऱ्याला वाटे हा तुटक आहे. भांडण वीतभर जागेचं होतं. 'द सायलेंट लँग्वेज' (१९५९) आणि 'द हिडन डायमेन्शन' (१९६६) या पुस्तकांत हॉलने हे सगळं मांडलं.

त्याने माणसाभोवती चार वर्तुळं कल्पिली. दीड फुटापर्यंतचं वर्तुळ अगदी जिवाभावाच्यांचं. (आणि कुस्तीतल्या प्रतिस्पर्ध्याचंही, हे विसरू नये.) दीड ते चार फूट दोस्तांचं. चार ते बारा फूट कामापुरत्या ओळखीचं, म्हणजे दुकान, कचेरी. बारा फुटांपलीकडे सभा आणि भाषणं.

आता फुटांचे हात करू. आपला जुना हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण १८ इंच. म्हणजे हॉलचं पहिलं वर्तुळ बरोबर एक हाताचं, आणि शेवटची हद्द, बारा फूट, म्हणजे आठ हात. ज्याला टाळायचं त्याच्यापासून आपण किती लांब राहतो? चार हात. चार गुणिले अठरा, ७२ इंच, सहा फूट. २०२० साली करोनात जिकडेतिकडे ऐकू येणारं "दो गज की दूरी" म्हणजे दोन गुणिले ३६ इंच. तेही ७२. बोलीतलं माप आणि साथीतलं माप इंचाचाही फरक न पडता जुळलं. योगायोग म्हणा हवं तर, पण मला तो पुरता योगायोग वाटत नाही. चार हातांवर दोघांनी हात पुढे केले तरी शिवाशीव होत नाही, आणि आवाज न चढवता बोलता मात्र येतं.

हॉलच्या आकड्यांना एक मोठी मर्यादा आहे आणि ती त्याने स्वतःच सांगितली होती. ही मापं मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मध्यमवर्गीय लोकांना पाहून काढलेली होती. नंतर पुस्तकांतून ती जगभराची म्हणून छापली गेली. वर्तुळं सगळीकडे असतात. कुठलं कुठे संपतं ते गावागणिक बदलतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ४२ देशांतल्या जवळपास ९ हजार लोकांना कागदावर दोन माणसांचं चित्र आणि खाली मोजपट्टी दिली होती: परका माणूस किती जवळ आलेला चालेल, ओळखीचा किती, जिवलग किती, खूण करा. परक्याला सर्वांत जवळ येऊ देणारे निघाले अर्जेंटिनाचे, सर्वांत लांब ठेवणारे रुमानियाचे. उष्ण देशांत परक्याला जवळ येऊ देण्याकडे कल दिसला. पारा ४५ अंशांवर चढतो त्या जळगाव-भुसावळच्या लोकांनी हे वाचून खूश व्हायला हरकत नाही. फक्त कागदावरच्या माणसाला घाम येत नाही, एवढं लक्षात ठेवावं.

मग काळी-पिवळीत काय होतं? तिथे पहिलं वर्तुळ केव्हाच मोडलेलं असतं, म्हणून माणसं बाकीच्या वाटा बंद करतात. नजर समोरच्या काचेवर, एक हात शेजाऱ्याच्या मागे सीटवर टाकलेला, अंग चोरलेलं. 'अंग चोरणं' हा काय नेमका शब्द आहे पाहा: आपलंच शरीर आपणच थोडं लांबवायचं, म्हणजे दुसऱ्याला बसता येतं. आणि त्या सरकण्यामागे केवळ भलेपणा नसतो. काळी-पिवळी घड्याळावर सुटत नाही, भरल्यावर सुटते. तिसरा बसला की गाडी हलते. प्रवासी आपली चार बोटं जागा देतात आणि त्या बदल्यात अर्धा तास विकत घेतात. जागा आणि वेळ एकमेकांत मोडून घेता येतात, हे अर्थशास्त्र स्टँडवरच्या पोरालाही पाठ असतं.

३. रुमालाखालचा सौदा

म्हणून नुसतं अंतर मोजून अर्थ लागत नाही. गुरांच्या बाजारात बघा. एक हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, आणि एक शेतकरी, दोघं एकमेकांना अनोळखी. बैलाचे दात बघून झाले, चालवून झालं. मग हेडी खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकतो आणि रुमालाखाली दोघांचे हात एकमेकांत जातात. किती बोटं दाबली, कोणती दाबली, यावरून आकडा कळतो. तोंडाने चाललेलं असतं ते वेगळंच: पाऊसपाणी, "यात काय उरलं माझं", "बघा बुवा". भोवती दहा माणसं कान टवकारून उभी असतात आणि त्यांना भावाचा पत्ता लागत नाही.

हॉलच्या हिशेबाने हा धंद्याचा व्यवहार, चार फुटांपलीकडून व्हायचा. इथे परक्याच्या हातात हात आहे आणि तोही मिनिटं दोन मिनिटं. त्यात जवळीक नाही, वैरही नाही, गुपित आहे. सौदा मोडला की तेच दोघं रुमाल झटकून पाठ फिरवतात आणि पुन्हा एकमेकांचे कुणी नसतात. अंतर हे एक अक्षर आहे. शब्द बनायला त्याला जागा, माणूस आणि निमित्त जोडावं लागतं.

४. एक लेक, दोन घरं

अक्षय्य तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात, आणि आखाजी म्हणजे माहेर. सासरी असलेल्या लेकी येतात, निंबाला झोके बांधले जातात. दहा दिवसांपूर्वी हीच लेक सासऱ्यांची चाहूल लागली की डोक्यावर पदर ओढून दाराच्या चौकटीआड उभी राहत होती. काही सांगायचं तर पोराच्या तोंडून सांगत होती. पदर ही बाईने बरोबर वागवायची भिंत आहे, हवी तेव्हा उभी करता येते. ओसरीत सासऱ्यांपासून आठ हातांवर थांबणारी ही बाई माहेरी बापाच्या शेजारी, त्याच खाटेवर, पाय पसरून बसते. शरीर तेच, सवयी त्याच, वर्तुळ मात्र घर बदलताच बदललं.

जुन्या धाब्याच्या घरांत तर हे वर्तुळ मातीत बांधलेलं असे. ओटा कुणाचाही, ओसरी ओळखीची, माजघर नात्याचं, त्यापुढे चूल आणि देव. माणूस कितव्या उंबऱ्यापाशी थांबला यावरून त्याचं नातं सांगता येई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही देवी बसते. तिचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे असतात. एरवी शेजाऱ्याला हाताला धरून जेवायला बसवणारं घर त्या दिवशी न बोलता आखून देतं की आमचे म्हणजे एवढेच.

तापीकाठच्या दाट गावातून सातपुड्यात वर चढलं की नकाशा उलटा होतो. पावरा आणि भिल्लांच्या पाड्यांत घराला घर चिकटलेलं नसतं. प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, शेजारी हाकेच्या अंतरावर. सपाटीवरून बदली होऊन आलेल्या गुरुजींना पहिल्या महिन्यात वाटावं की इथे कुणाचं कुणाशी पटत नाही. मग होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो, ढोल वाजतात, आणि एरवी हाकेवर राहणारी माणसं खांद्याला खांदा लावून नाचतात. गुरुजींनी अंतर बरोबर मोजलेलं असतं. वाचलेलं मात्र तापीकाठच्या व्याकरणाने.

५. चाळीसगावचा टांगा

इथवर अंतर म्हणजे सवय, रीत, गंमत असं वाटलं असेल. पण या जिल्ह्यांत घडलेली एक गोष्ट वगळून हा विषय सांगितला तर तो अर्धाच सांगितल्यासारखा होईल.

१९२९ साल. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला समिती नेमली होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. धुळे लाइनवरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता. त्याची माहिती घ्यायला ते चाळीसगावहून गाडीने गेले आणि परत चाळीसगावला आले. स्टेशनवर वस्तीतली माणसं हार घेऊन उभी होती. एक रात्र आमच्याकडे राहा, असा त्यांचा आग्रह होता. महारवाडा स्टेशनपासून साधारण दोन मैलांवर, मध्ये नदी आणि तिच्यावर फरशीचा पूल. स्टेशनबाहेर टांगे उभे होते. तरीही कुणी हलेना. आपल्याला का थांबवून ठेवलंय हे बाबासाहेबांना कळेना. तासाभराने एक टांगा आला. ते बसले. टांगेवाल्याच्या हातात लगाम नीट राहत नव्हता, हे लगेच जाणवलं. थोड्याच अंतरावर मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे पुलावर घोडा बिथरला, चाक कडेच्या दगडावर आदळलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि गाडी नदीत पडली. त्यांचा पाय मोडला आणि बरेच दिवस ते अंथरुणावर होते.

उलगडा नंतर झाला. स्टेशनवरच्या टांगेवाल्यांनी अस्पृश्याला गाडीत घालून हाकायला नकार दिला होता. वस्तीतल्या लोकांना आपल्या पाहुण्याने पायी यावं हे मान्य नव्हतं. शेवटी तोड निघाली ती अशी: टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. मग वस्तीतल्याच एकाने, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती, लगाम हातात घेतला होता.

हा व्यवहार आपल्या मापांनी तपासा. पैसे चालत होते. गाडी चालत होती, घोडाही. चालत नव्हतं ते हाकणारा आणि बसणारा यांच्यामधलं हातभर अंतर. आणि हा बसणारा परदेशात शिकलेला बॅरिस्टर होता. हॉलची वर्तुळं माणसाच्या मनातून निघतात: मला कोण किती जवळ हवं. चाळीसगावच्या स्टेशनवरचं वर्तुळ टांगेवाल्याच्या मनातून निघालेलं नव्हतं. ते त्याच्या जन्माआधी आखून ठेवलेलं होतं आणि तो फक्त त्याची राखण करत होता. वेळेचंही तसंच. तो एक तास कुणी मुद्दाम वाया घालवला नाही. ते अंतर टिकवायला लागलेला खर्च होता तो, आणि तो भरायला लावला पाहुण्याला. बाबासाहेबांनी हा प्रसंग ज्या आत्मकथनपर लिखाणात सांगितला त्याचं नाव आहे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. नावातच थांबणं आहे.

म्हणून कुणी "आमच्याकडे माणसं फार मायेने जवळ बसतात हो" असं सांगायला लागला की मी विचारतो, कोण कोणाजवळ?

६. कासराभर दिवस

आता वेळेकडे वळू. शेतकऱ्याच्या तोंडी "दिवस कासराभर वर आला" असं येतं. कासरा म्हणजे बैलांचा दोर. आपण वेळ दोराने मोजत होतो आणि अंतर हाकेने. जागा आणि वेळ ही दोन वेगळी खाती आहेत, हे आपल्याला घड्याळाने शिकवलं.

घड्याळाच्या आधीचं मापही बारीक होतं बरं का. अहोरात्राच्या ६० घटिका, म्हणजे एक घटिका २४ मिनिटांची. दोन घटिकांचा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं. आता लग्नाच्या पत्रिकेवर परत या. १२ वाजून ३५ मिनिटांचं लग्न सव्वा वाजता लागलं तर उशीर ४० मिनिटांचा, म्हणजे जुन्या मापाने एका मुहूर्ताच्या आतच! पंचांग जाणणारे यावर रागावतील. लग्नाचा मुहूर्त असा ४८ मिनिटं ताणायचा नसतो हे मलाही ठाऊक आहे. पण मंडपातली मंडळी त्या शब्दाकडे क्षण म्हणून न बघता एक सैलसर पट्टा म्हणून का बघतात, ते यातून कळतं. शिवाय नवरदेव पारावर अडकलेला असतो, बँडवाल्यांना जोर चढलेला असतो, आणि कुणी मामा अजून पारोळ्याच्या काळी-पिवळीत असतो. मामा आल्याशिवाय अक्षता पडल्या तर पुढची वीस वर्षं ऐकावं लागेल. पत्रिकेवरची वेळ पंचांगाची, प्रत्यक्षातली वेळ नात्याची. या दोहोंत भटजी सोडून कुणालाच विरोध दिसत नाही.

घड्याळाची वेळ तरी कुठे आभाळातून पडली? भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची. त्याच वर्षी खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले: जिल्हे दोन, वेळ एक. सूर्याला एक अंश ओलांडायला ४ मिनिटं लागतात. जळगाव आहे साधारण ७५.६ अंशांवर. फरक ६.९ अंश, गुणिले चार, म्हणजे जवळपास २८ मिनिटं. धुळे ७४.८ वर, तिथे जवळपास ३१. म्हणजे जळगावच्या टॉवरवर बारा वाजले तरी जळगावच्या सूर्याचे सरासरी साडेअकराच झालेले असतात, आणि धुळ्याचा सूर्य त्याहून तीन मिनिटं मागे. मुंबईने तर आपली ३९ मिनिटं मागची 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडली नाही. उशिरा येणाऱ्या पाहुण्याने ही सबब सांगून बघायला हरकत नाही.

शेतीचं साल मात्र आजही बऱ्याच ठिकाणी जानेवारीपासून सुरू होत नाही. सालदाराचं साल आखाजी ते आखाजी. त्या दिवशी धान्य, पैसा, कपडे ठरतात आणि वर्षभराचा माणूस ठरतो. लेकीसाठी आखाजी म्हणजे झोका, सालदारासाठी हिशेबाचा दिवस. एकच तिथी दोन माणसांना दोन गोष्टी सांगते.

७. एकपदरी, चौपदरी

हॉलने वेळ वापरायच्या दोन तऱ्हा सांगितल्या. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात, तेव्हा रस्त्यांचेच शब्द घेऊ. एकपदरी वेळेत एका वेळी एकच काम: दहा ते साडेदहा तुम्ही, मग पुढचा. अनेकपदरी वेळेत चार कामं शेजारी शेजारी धावतात, मधूनच एकमेकांच्या पुढे जातात.

धुळ्यातल्याच पाचकंदिलाजवळच्या एखाद्या दुकानात उभं राहा. दुकानदार तुम्हाला साडी उलगडून दाखवतोय, मागच्या बाईला भाव सांगतोय, फोन खांद्याला लावून ट्रकची चौकशी करतोय आणि चहावाल्याला दोन बोटं दाखवतोय. जर्मनीत राहून आलेल्या माणसाला हा अपमान वाटेल, कारण त्याची पाळी तोडली गेली. दुकानदाराच्या लेखी त्याने चारही जणांना एकदम "तुम्ही आलात, मी बघितलं" असं सांगितलंय. उलट त्याने एकालाच धरून बसावं आणि बाकीच्यांकडे मान वर करून बघू नये, तर गिऱ्हाईक पायरी उतरेल.

रॉबर्ट लेव्हीन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात ३१ देशांचा वेग मोजला. तीन साध्या कसोट्या: लोक ६० फूट किती सेकंदांत चालतात, पोस्टात एक तिकीट मिळायला किती वेळ लागतो, आणि बँकांची घड्याळं किती बरोबर आहेत. स्वित्झर्लंड पहिलं आलं, मेक्सिको शेवटचं. अशा याद्या वाचून लगेच "आपल्या लोकांना वेळेची किंमत नाही" असं म्हणायची आपल्याला खोड आहे. मला हे म्हणणं आळशीपणाचं वाटतं. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या पोराला विचारा. रात्री दोनला दार वाजवून बापाला ड्यूटीवर बोलावणारा कॉलबॉय त्याने पाहिलेला असतो आणि मिनिटामिनिटाचा हिशेब त्याच्या जेवणात मिसळलेला असतो. अमळनेर-चाळीसगावच्या गिरण्यांचे भोंगे ऐकून तीन पिढ्यांनी चुली पेटवल्या. सावदा-रावेरचा केळीवाला घड कापल्यावर कुणासाठी थांबत नाही, कारण कापलेल्या घडाचं घड्याळ सुरू झालेलं असतं आणि दिल्ली लांब आहे. हीच माणसं रविवारी भुसावळहून आसोद्याला भरीत पार्टीला गेली की अकरा म्हणून एकला पोचतात, काटक्यांवर वांगी अजून भाजली जात असतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. वेळेची तऱ्हा रक्तात नसते, कामात असते.

८. आलोच!

आपण घरून निघालेलोही नसतो तेव्हा फोनवर काय म्हणतो? "हा आलोच." अहिराणीत "उनू". क्रियापद चक्क भूतकाळातलं! अंथरुणात बसलेला माणूस आपण पोचल्याचं जाहीर करतो. याला खोटं म्हणू नये. तो वेळ सांगत नसतो, ओढ सांगत असतो: मनाने मी तिथे आहे. तसंच निरोप घेताना "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं. 'परवा' हा शब्द तर मागेही जातो आणि पुढेही.

हे सगळं गोड आहे, पण "आलोच" कुणी कुणाला म्हणायचं याचे नियम कडक आहेत. मित्र मित्राला म्हणतो. सालदार मालकाला म्हणत नाही, तो हजर असतो. तहसील कचेरीच्या व्हरांड्यात बसलेल्या माणसाला साहेब कधी येणार हे कुणी सांगत नाही, आणि साहेबांना कुणी थांबवत नाही. ज्याचा वेळ स्वस्त धरला जातो, तो बाकावर असतो.

उलटं उदाहरण धुळ्याच्या तुरुंगातलं आहे. कैद्याचा वेळ तर पूर्णच दुसऱ्याच्या ताब्यात. तिथे १९३२ साली विनोबा भावे गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतलं. पहिलं प्रवचन २१ फेब्रुवारीला, शेवटचं १९ जूनला. ते लीप वर्ष होतं, म्हणून दिवस मोजले तर मधले ११९, म्हणजे नेमके १७ आठवडे. पहिला धरून १८ रविवार आणि गीतेचे अध्याय १८. एकही रविवार चुकला नाही. 'गीता प्रवचने' वाचणाऱ्यांनी अर्थावर पुष्कळ लिहिलंय. मला ही तारखांची माळच फार बोलकी वाटते. वेळ हिरावून घेतलेल्या जागेत त्यांनी रविवार आपला करून घेतला.

आता वाचकांना एक काम. पुढच्या लग्नाला जाताना खिशात छोटी वही ठेवा. पत्रिकेवरची वेळ, अक्षता पडल्या ती वेळ आणि तुम्ही पोचलात ती वेळ, तीन आकडे लिहा. जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर ६० फूट, म्हणजे आपले ४० हात, आखून पाच माणसांची चाल सेकंदांत मोजा. मग पंगत बसताना बघा: कोण कुणाशेजारी बसतं, कुणाला "इकडे या" म्हणतात, कुणासाठी वाढणं थांबतं. आणि वरण-बट्टीची पहिली पंगत उठेपर्यंत मंडपाच्या कडेला भांडी घेऊन कुणी उभं असेल, तर ते किती हातांवर उभं आहे आणि किती वेळ, हेही त्याच वहीत लिहा.